नऊ बेचाळीसचं तिकीट

एकतीस वर्षं मी तिकिटं विकली. एकाच स्टेशनात, एकाच खिडकीत, एकाच खुर्चीवर. खुर्चीची गादी तेवढी तीनदा बदलली. आणि ज्या दिवशी मला स्वतःला तिकीट हवं होतं, त्या दिवशी ते मला काढता आलं नाही. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "नाही हो, खरं काय झालं ते सांगा." खरं तेच आहे. निदान त्या दिवशी दुपारपर्यंत मला तसं वाटत होतं.

आधी भांडण सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल.

माझी खिडकी बंद करायची असं वरच्यांनी ठरवलं, तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. स्टेशनात यापुढे माणूस नको, यंत्र पुरे, असा हिशेब. यंत्र बसवायला एक जण आला. तिशीचा, हडकुळा, बोलायला मवाळ. तीन दिवस तो माझ्याच खोलीत पसारा मांडून बसला होता, माझ्याच भिंतीतून वीज घेत होता आणि मी शहाणा त्याला चहा पाजत होतो. माझी मुलगी रोज दुपारी मला डबा आणून द्यायची. तिसऱ्या दिवशी डबा दोन माणसांचा निघाला. मला वाटलं, पोरीला बापाची भूक वाढलेली दिसतेय.

दीड वर्षाने तिने सांगितलं की ती त्याच्याशी लग्न करणार आहे.

"जगातली बाकीची माणसं संपली का?" मी विचारलं. "ज्याने बापाची खिडकी बंद केली तोच सापडला तुला?"

"बाबा, खिडकी त्याने नाही बंद केली. त्याने फक्त स्क्रू पिळले."

"मी लग्नाला येणार नाही."

हे मी रागात बोललो. राग दोन दिवसांत उतरला, पण बोललेलं तसंच राहिलं. पोरगी समजूत काढायला येईल म्हणून मी वाट बघत बसलो आणि मी नमतं घेईन म्हणून ती. हट्टीपणात ती माझ्यावरच गेली आहे, हे आमची ही लग्नाआधी महिनाभर दोघांनाही ऐकवत होती.

लग्न नोंदणीचं होतं, शहरातल्या कचेरीत, साडेअकरा वाजता. तीन साक्षीदार लागतात. आदल्या दिवशी मायलेकी बॅग घेऊन निघाल्या, तेव्हा मुलगी दारात थांबली. म्हणाली, "दोन सह्या ठरल्या आहेत. तिसरी तुमची. आलात तर. साडेअकराला नाव पुकारतात, मग कुणासाठी थांबत नाहीत." मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. वर्तमानपत्र कालचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. नेहमीचीच. मग कपाटातला कोट काढला, अंगाला होतो का ते बघायला. झाला. मग कोटाखाली चपला बऱ्या दिसेनात म्हणून बूट घातले. जायचं असं मी ठरवलं नव्हतं. घराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली, तेव्हा मला कळलं की मी निघालो आहे. कुणाला फोन केला नाही. एकदम समोर जाऊन उभं राहायचं, पोरीचं तोंड कसं होतं ते बघायचं, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी एकटाच हसलो.

रस्त्याचं काम निघाल्यापासून बस आमच्याकडे फिरकत नव्हती. गाडी नऊ बेचाळीसची. ती दहा पंचावन्नला शहरात पोचते आणि स्टेशनापासून कचेरी पायी दहा मिनिटांवर. म्हणजे वेळ चिक्कार. ती चुकली तर पुढची अकरा बेचाळीस, म्हणजे चुकलीच म्हणायची.

नऊ वाजून अठरा मिनिटांनी मी स्टेशनात पोचलो आणि तिकिटासाठी माझ्याच खिडकीसमोर जाऊन उभा राहिलो. सवयीने नाही, कारण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची सवय मला कधी नव्हतीच. नोकरीत असताना पासावर फिरलो. निवृत्तांनाही पास मिळतो, पण आठ दिवस आधी अर्ज करावा लागतो, आणि आठ दिवस आधी मी जाणारच नव्हतो. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी प्रवासी म्हणून तिकीट घ्यायला आलो होतो. खिडकीला पत्र्याचं शटर होतं. शटरवर कसलेसे कागद डकवलेले. लोकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली लाकडी फळी तेवढी जागच्या जागी होती. ती बाहेरून इतकी उंच आहे हे मला माहीत नव्हतं. बुटकी माणसं एकतीस वर्षं टाचा उंचावून माझ्याशी बोलत होती की काय, कोण जाणे.

यंत्र शेडखाली उभं होतं. निळं, छातीएवढं. त्याला हात लावायचा नाही अशी मी शपथ घेतली होती. पण मुलीचं लग्न होतं, म्हणून शपथ बाजूला ठेवली.

पडद्यावर लिहिलं होतं, 'सुरू करण्यासाठी स्पर्श करा'. मी सगळा पंजा ठेवला. काही झालं नाही. पुन्हा ठेवला. मागून आवाज आला, "काका, एकच बोट लावा."

मागच्या बाकावर नर्सबाई बसली होती. शहरातल्या दवाखान्यात रोज ड्युटीला जाते. कॉलेजात होती तेव्हापासून तिचा मासिक पास मीच काढून द्यायचो. आता तिचं तिकीट फोनमध्ये असतं. माझा फोन फक्त बोलायचा, आणि तेही मोठ्याने.

"येतं मला," मी म्हणालो आणि एक बोट लावलं.

आकडे आले. इथे मला जरा हुशारी वाटली. प्रत्येक स्टेशनला आकडा असतो आणि या मार्गावरचे सगळे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. शहर सत्तेचाळीस. मी खटकन सत्तेचाळीस दाबला. पुन्हा आकडे आले. कुठल्या स्टेशनातून तिकीट निघतंय याची बिचारं खात्री करून घेत असेल, म्हणून आमचा बावीस दाबला. मग प्रश्न सुरू झाले. प्रौढ किती? मुलं किती? सायकल आहे का? कुत्रा आहे का? मी माझ्या खिडकीत कुणाला एवढं विचारलं असतं तर लोकांनी माझ्या नावाने तक्रारवही भरली असती.

मग विचारलं, 'परतीचा प्रवास आजच करणार का?'

आता याला काय सांगणार? ते मुलीवर होतं. तिने आनंदाने जवळ घेतलं तर कदाचित रात्रीचा मुक्काम. तोंड फिरवलं तर लगेच परत. की अशा वेळी लगेच परत फिरणं बरं दिसत नाही आणि नेटाने थांबायचं? आमच्या हिला काय वाटेल? जावयाच्या घरी राहायचं म्हटलं तर त्याच्या घरी पलंग किती? मी बोट हवेत धरून विचार करत होतो, तोवर पडद्यावर नवीनच वाक्य आलं.

'आपण अजून येथे आहात का?'

मी इकडेतिकडे बघितलं. "आहे की," मी म्हणालो.

"बोलून नाही काका, 'हो'वर बोट," नर्सबाई म्हणाली. पण तेवढ्यात सगळं पुसलं गेलं आणि पुन्हा 'सुरू करण्यासाठी स्पर्श करा'.

नऊ एकोणतीस. पुन्हा पहिल्यापासून. सत्तेचाळीस, बावीस, प्रौढ एक, मूल नाही, सायकल नाही, कुत्रा नाही. परतीच्या प्रश्नाला या वेळी डोळे मिटून 'नाही' दाबलं. नोट घातली, ती बाहेर आली. उलटी करून घातली, तरी बाहेर. नर्सबाई उठली, माझ्या हातातून नोट घेतली, मांडीवर चोळून सरळ केली आणि घातली. यंत्राने ती गिळली, पोटात गुरगुर केली आणि तिकीट टाकलं. नऊ तेहतीस. मला इतका आनंद झाला की मी त्या निळ्या पत्र्याला थोपटलं.

मग तिकीट वाचलं. तिकीट हातात आलं की आधी वाचायचं, ही सवय. त्यावर लिहिलं होतं, शहरातून आमच्या स्टेशनापर्यंत.

पुन्हा वाचलं, चष्मा काढून वाचलं, चष्मा घालून वाचलं. उलटंच होतं. मी जायचं सोडून यायचं तिकीट काढलं होतं. आणि ते कसं झालं हे त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख आलं. माझ्या खिडकीतल्या जुन्या मशीनवर पहिला आकडा नेहमी जायच्या ठिकाणाचा घालायचा, कारण निघायचं ठिकाण ठरलेलंच, मी बसलोय ते. हे यंत्र मात्र आधी 'कुठून' विचारत होतं. अक्षरं चांगली ठसठशीत होती. मी ती वाचलीच नव्हती. एकतीस वर्षं जे बोटांनी केलं, तेच त्यांनी केलं. या मार्गावरचा कुठलाही अडाणी माणूस ही चूक करणार नाही. ती करायला तिकीटबाबूच पाहिजे.

ठीक आहे, दुसरं काढू, म्हणून बोट लावलं. पडद्यावर आलं, 'कागद संपला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

"असं होतं कधी कधी," नर्सबाई म्हणाली. "एक जण येऊन भरून जातो. आज का नाही आला कुणास ठाऊक."

आज का नाही आला ते मला माहीत होतं. या मार्गावरच्या यंत्रांत कागद भरणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. त्याचं लग्न होतं.

यंत्राच्या कुशीत एक लाल बटण होतं, 'मदत'. ते दाबलं. बराच वेळ वाजल्यावर एक बाई बोलू लागली.

"आपण कोणत्या स्थानकावरून बोलताय?"

मी सांगितलं.

"तिथे कर्मचारी नाहीत, सर."

"मला माहीत आहे. कर्मचारी मीच होतो."

"मग आपली अडचण काय आहे, सर?"

"मला तिकीट पाहिजे."

"आपण कर्मचारी आहात ना?"

"होतो! आता प्रवासी आहे. चुकीचं तिकीट निघालंय, ते रद्द करायचंय आणि बरोबर पाहिजे. आणि तुमचा कागद संपलाय."

"तिकीट रद्द करण्यासाठी आपल्या स्थानकाच्या खिडकीवर जा, सर."

मी शटरकडे बघितलं. बाई बहुतेक यादीतून वाचत होती आणि तिच्या यादीत मी अजून आत बसलेला होतो. माझ्या मस्तकात अशी काही तिडीक गेली की मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती मात्र "आपला दिवस चांगला जावो" म्हणाली, हे नक्की.

"काका, मी काढते माझ्या फोनवर," नर्सबाई म्हणाली. "दोन मिनिटांत होईल."

"तुझ्या नावाचं तिकीट मी वापरू?"

"कोण बघतंय?"

तिने भल्या मनाने म्हटलं. पण हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकत आलो होतो. लहान मुलाचं वय चोरणारे, जुनी तारीख बोटाखाली दाबणारे, भावाचा पास दाखवणारे, सगळे हेच म्हणायचे. मी सगळ्यांना परत पाठवलं होतं. "मी बघतोय ना," असं मी त्यांना म्हणायचो. तिलाही तेच म्हणालो. ती फोन पर्समध्ये टाकून उठली आणि गाडी आली.

दोन डब्यांची गाडी, एक मिनिट थांबते. मागच्या दारात गार्ड उभा होता, नवा पोरगेलासा. मी त्याच्याकडे पळतच गेलो आणि तिकीट पुढे केलं.

"हे उलटं निघालंय," मी म्हणालो.

"चालेल. बसा. आत दुसरं करून देतो."

"आत कसं? तिकीट गाडीत चढायच्या आधी घ्यायचं असतं."

"खिडकी असेल तिथे. बिनखिडकीच्या स्टेशनातून चढलं की आत मिळतं. दोन वर्षं झाली नियम बदलून."

"परिपत्रक क्रमांक काय?"

तो माझ्याकडे आ वासून बघायला लागला. "काका, परिपत्रक मी खिशात घेऊन फिरत नाही. चढा, उशीर होतोय."

माझा एक पाय पायरीवर होता. नर्सबाईने वरून माझी बाही धरली होती. "काका, चला हो," ती म्हणत होती. आणि मी काय करावं? मी गार्डला म्हणालो, "तसं लेखी द्या."

त्याने शिट्टी तोंडात धरली. माझ्याकडे बघत क्षणभर थांबला, हेही खरं. मग वाजवली. मी पाय खाली घेतला.

पाय खाली का घेतला, हे मी नंतर शंभर वेळा स्वतःला विचारलं आहे. कुणी ढकललं नाही, कुणी अडवलं नाही. गाडी हलली. नर्सबाई दारातून काहीतरी ओरडत होती आणि तिचा एक हात पुढे तसाच राहिला होता. नऊ त्रेचाळीस. एक मिनिट उशीर माझ्यामुळे झाला, असंही माझ्या डोक्यात आलं. काय माणूस आहे मी!

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी शटरकडे गेलो. का गेलो, सांगता येत नाही. कुणाशीतरी भांडायचं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. शटरवर डकवलेला एक कागद उन्हाने पिवळा पडला होता. वाचायला लागलो. 'या स्थानकावर तिकीट खिडकी नसल्याने प्रवाशांनी गाडीत चढल्यावर गार्डकडून तिकीट घ्यावे. यासाठी कोणताही दंड आकारला जाणार नाही.' खाली तारीख, परिपत्रक क्रमांक, आणि सूचना लावणाऱ्याची सही.

सही माझी होती.

माझा शेवटचा दिवस मला आठवला. वरून पाच-सहा कागद आले होते. खोली रिकामी करायची होती, डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी सगळे कागद भराभर डिंक लावून डकवले, सह्या ठोकल्या आणि किल्ली देऊन घरी गेलो. वाचले नव्हते. आता हे मी छातीठोकपणे सांगतो, पण त्या शटरसमोर उभा असताना मलाच खात्री वाटेना. तिकीट हातात आलं की आधी वाचणारा मी, सही करायचा कागद न वाचता लावला असेन का?

मी हिला फोन लावला. चौथ्यांदा तिने उचलला.

"आता काय?" ती म्हणाली. मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता.

"अगं, मी स्टेशनात आहे."

"कुठल्या?" तिचा आवाज एकदम बदलला.

"आपल्या. गाडी गेली. मी येत होतो, पण तिकीट मिळालं नाही."

हसण्याचा आवाज मागे पडला. मग ती हळू म्हणाली, "अहो, यायचं नव्हतं तर नाही यायचं. पण निदान कारण तरी बरं शोधा. तुम्हाला तिकीट मिळालं नाही?"

"अगं, खरंच. मी बावीसच्या जागी..."

"तिला हे सांगू नका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. खडी वाहणारे दोन ट्रक आले, दोन्ही उलट दिशेने जाणारे. मग परत येऊन बाकावर बसलो. साडेअकरा वाजले तेव्हा मी स्टेशनाच्या घड्याळाकडे बघत होतो. घड्याळ बिनचूक चालत होतं. आता नाव पुकारलं असेल. आता ती पेन उचलत असेल. वळून दाराकडे बघितलं असेल का? मला रडू आलं. कोट घालून, बूट घालून, रिकाम्या स्टेशनात एकटा रडत बसलो आणि ते कुणी बघत नव्हतं.

अकरा बेचाळीस आली. मी चढलो. गार्डने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "शहर." त्याने कमरेच्या डबीतून तिकीट फाडून दिलं. किती वेळ लागला? मी सांगतो तुम्हाला, माझ्या खिडकीत लागायचा त्याहून कमी.

कचेरीसमोरच्या खानावळीत ती सगळी बसली होती. आठ-दहा जण, दोन टेबलं जोडलेली. मी दारात दिसलो तशी बोलणी थांबली. आमच्या हिने कपाळावर हात मारून घेतला. पण तो रागाने नव्हता, एवढं इतक्या वर्षांत मला कळतं. मुलगी फिक्या पिवळ्या कपड्यांत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग समोरच्या ताटात.

जावई उठला. हो, आता जावईच म्हणायचं. त्याने खुर्ची आणली, पाण्याचा पेला पुढे केला. "तिसरी सही माझ्या कामावरच्या मित्राने केली," तो म्हणाला, चूक त्याची असल्यासारखा.

मी सगळं सांगितलं. सत्तेचाळीस, बावीस, कुत्रा, कागद, लाल बटण, गार्ड. काही जण हसू दाबत होते. ही म्हणाली, "म्हणजे खरंच?" मी ते उलटं तिकीट टेबलावर ठेवलं. जावयाने ते उचलून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पहिल्या पडद्यावर ना?" तो म्हणाला. "जुने बाबू सगळे तिथेच चुकतात. मी वर दोनदा लिहून कळवलंय, पण..." मग हळू आवाजात, "कागद मी काल भरायला हवा होता. घाईत राहिला."

एवढं बोलून तो माझ्या ताटात वाढू लागला. मला त्याचा राग येईना. आणायचा प्रयत्न केला, तरी येईना.

जेवणं झाल्यावर मुलगी बाहेर पायरीवर येऊन माझ्या शेजारी बसली. समोर कचेरीच्या दारात दुसरं एक जोडपं फोटो काढत होतं.

"रागावून आला नसतात ना बाबा, तर मला चाललं असतं," ती म्हणाली. "मी तयारी केली होती त्याची. राग मला कळतो. पण तुम्ही दाढी करून, कोट घालून स्टेशनात आलात. गाडी समोर उभी होती. गार्ड चढा म्हणत होता. आणि तुम्ही उतरलात."

"चढलोच नव्हतो. एक पाय..."

"बाबा."

मी बुटांच्या नाड्यांकडे बघितलं.

"गाडीत तिकीट मिळतं हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"शटरवर सूचना आहे," मी म्हणालो. मला लपवता आलं असतं. "मीच लावली होती. सही माझी आहे. वाचली नव्हती असं मला वाटतं."

"असं वाटतं?"

"हो."

ती माझ्याकडे वळली. डोळे आईचे, पण बघायची तऱ्हा माझी. खिडकीतून मी लोकांकडे असाच बघायचो, खोटं बोलतोय का ते शोधत.

"मग एकच सांगा," ती म्हणाली. "तिकीट नव्हतं म्हणून थांबलात, की यायचं नव्हतं आणि तिकिटाचं निमित्त झालं?"

तिकीट नव्हतं म्हणून, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सकाळपासून मी स्वतःला तेच सांगत होतो. पण तोंड उघडलं आणि मला तो पाय आठवला. गार्डने शिट्टी वाजवली आणि मी पाय खाली घेतला, तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. आता आपला दोष नाही, असं. ते बरं वाटणं नियम पाळल्याचं होतं, की सही करावी लागणार नाही याचं, की पोरीसमोर उभं राहावं लागणार नाही याचं? मी शोधत राहिलो. घरातून निघताना मी खूश होतो, तेही खरं होतं. बाकावर रडलो, तेही खरं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पोरी, देवाशप्पथ, मला माहीत नाही."

वाटलं, आता ती उठून जाईल. ती बसून राहिली. माझ्या कोटाच्या बाहीवर चुन्याचा डाग लागला होता, शटरजवळच्या भिंतीचा. तिने तो अंगठ्याने घासला. गेला नाही. पुन्हा घासला.

"कळलं की सांगा," ती म्हणाली. "फोनवर नको. येऊन सांगा."